अक्काचा हात

बेबीनंदानं माझ्या दंडाला टेप लावली, आकडा बघितला आणि टेप परत गळ्यात टाकली. मग माझ्या जुन्या ब्लाऊजची शिवण उलटी करून तिनं दारातल्या उजेडात धरली.

"शालन, हितं आता सोडायला काय राहिलंच न्हाय," ती म्हणाली. "दिवाळीला हुती तेवढी माया सोडली. आता एकतर नवं कापड आण, न्हायतर दंड कमी कर."

शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. माझ्या प्रत्येक ब्लाऊजची ती एव्हाना संपली होती. विट्याच्या एसटी कॉलनीत आमची खोली आणि बेबीनंदाची खोली समोरासमोर. तिचा नवरा कंडक्टर, माझे हे डेपोत मेकॅनिक. ती घरी शिवणकाम करायची, त्यामुळं कॉलनीतल्या कुठल्या बाईचं अंग कुठं सुटलंय हे त्या बाईच्या आधी तिला कळायचं.

मी तिला सांगितलं की दवाखान्यात रक्त तपासलं, साखर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन उतरवा, अजून वेळ आहे, नाहीतर जन्मभर गोळ्या. हे सांगताना मला रडू आलं, पण ते साखरेसाठी नव्हतं. डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि माझ्या डोक्यात पंचमी चालली होती.

बेबीनंदानं मशीन थांबवलं. शेजारच्या शमशादभाभी गव्हात हात घालून बसल्या होत्या, त्यांनीही सूप खाली ठेवलं. मग मी दोघींना सगळं सांगून टाकलं.

माझं माहेर येरळा नदीच्या काठी. मी आणि माझी थोरली बहीण, हौसाअक्का, आमची फुगडी अख्ख्या गावात नावाजलेली. नागपंचमीला बायका वारुळाला जाऊन आल्या की माळावर फेर धरायच्या, आणि आम्ही दोघी आत शिरलो की बाकीच्या आपणहून बाजूला व्हायच्या. अक्काचा हात धरला की मी डोळे मिटायची. पाय पायाला लावायचे, अंग मागं टाकायचं, आणि पुढचं सगळं तिच्यावर सोडून द्यायचं. लग्नं झाली, ती एका गावाला गेली, मी इकडं आले. वर्षभर भेट नसली तरी पंचमीची एक फुगडी ठरलेली. मला तर वाटायचं, वर्षभर मी संसार करते तो त्या एका फुगडीच्या जोरावर.

तीन वर्षांमागं त्या फुगडीत अक्काचा हात सुटला. मी चिखलात अशी बसले की पाण्याचा शिंतोडा लांबच्या बायकांपर्यंत गेला. कुणीतरी म्हणालं, "डेपोत कळवा गं, गाडी पलटी झाली." सगळ्या हसल्या. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यांदा. अक्का तेवढी हसली नाही. ती आपल्या तळहातांकडं बघत उभी होती.

त्यानंतर मी पंचमीला गेले नाही. एक वर्ष पोराच्या तापाचं निमित्त, पुढच्या वर्षी ह्यांच्या ड्यूटीचं. अक्का दोन्ही वर्षं वाट बघून परत गेली, असं आईनं निरोपात सांगितलं होतं.

मला वाटलं, दोघी हसतील. चाळिशीला टेकलेली बाई फुगडीसाठी रडते म्हणजे काय. पण भाभींनी बोटावर हिशेब धरला आणि म्हणाल्या, "होळी आत्ताच झाली. श्रावण लांब हाय अजून. चला, उद्या सकाळपासनं नाक्यापर्यंत जाऊया. मलाबी जिना चढताना दम लागतो."

बेबीनंदा म्हणाली की मशीनवर बसून तिची पाठ लाकडासारखी झालीय, तीही येणार. अशा आम्ही तिघी निघालो. तांबडं फुटायच्या वेळी कॉलनीच्या फाटकातून बाहेर, जकात नाक्यापर्यंत आणि परत. पहिले काही दिवस उत्साह होता. मग एकदा मी जाग येऊनही पांघरूण ओढून पडून राहिले. बेबीनंदानं खिडकीच्या गजांवर लाकडी फूटपट्टी अशी वाजवली की शेजारचे लोक उठले, मीच काय ती निजलेली. परत तसं करायची माझी छाती झाली नाही.

चालणं सुरू झालं, साखर चहातून गेली, तळण बंद झालं. पण ब्लाऊज काही सैल होईना. मी भाकरी मोजूनमापून खाते म्हणून शपथेवर सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. एका संध्याकाळी बेबीनंदा दोऱ्याचं रीळ न्यायला आली आणि मला ओट्याशी उभी बघून दारातच थांबली. धाकट्यानं टाकलेला वरणभात, थोरलीची अर्धी पोळी, पातेल्याच्या बुडाची आमटी, हे सगळं उभ्या उभ्या माझ्या पोटात चाललं होतं. मी त्याला जेवण समजतच नव्हते. ती आवराआवर होती.

"हे कोण जेवतंय?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, अन्न टाकायचं कसं, आईनं शिकवलंय. दुसऱ्या दिवशी तिनं रंगाचा एक रिकामा डबा घासून आणला आणि फाटकाशी ठेवला. पोरांची जेवणं झाली की तिघींनी आपापल्या घरचं राहिलेलं त्यात आणून घालायचं, आणि सकाळी दूधवाल्यानं ते म्हशीला न्यायचं. भाभी म्हणाल्या, म्हशीच्या पोटात गेलं म्हणजे टाकलं असं होत नाही. मला ते पटायला आठ दिवस लागले. डब्यात भात घालताना हात अडायचा, आणि तो अडला की मागून कुणीतरी खाकरायचं.

पण त्याहून मोठी उलथापालथ पुढं झाली. आम्ही तिघी नवऱ्यांची वाट बघत बसायचो. ड्यूटी कधी आठला सुटायची, कधी दहाला, आणि तोवर भुकेनं जीव कासावीस होऊन फुटाणे, फरसाण, पोरांची बिस्किटं, हाताला लागेल ते तोंडात जायचं. भाभींनी एकदा स्वच्छ सांगितलं. "आमच्यात रोजा सोडायची वेळ झाली की बाईबी तोंड उघडती. मालक आला न्हाय म्हणून थांबत न्हाय. मग बाकीच्या दिवसांत का थांबायचं?"

तेव्हापासून दिवेलागणीच्या आत आम्ही आपापलं ताट घेऊन भाभींच्या पडवीत बसायला लागलो. भाकरी, उसळ, पाला, ताक. एकमेकींच्या ताटावर डोळा असायचा, आणि तो दोन्ही बाजूंनी असायचा. बेबीनंदा एकदा घाईनं वजन उतरावं म्हणून नुसती काकडी घेऊन आली, तर भाभींनी आपली अर्धी भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवली आणि ती संपेपर्यंत समोरून उठल्या नाहीत.

पहिल्या दिवशी हे ड्यूटीवरून आले, हातपाय धुऊन बसले आणि माझ्या ताटाची वाट बघायला लागले. मी म्हणाले, माझं झालं. त्यांनी असं बघितलं, जणू गाडी त्यांना न सांगताच डेपोतून निघून गेलीय. मग जेवले. कॉलनीत आठ-पंधरा दिवस कुजबुज चालली, नवऱ्याआधी गिळणाऱ्या म्हणून आम्हाला नाव पडलं. पुढं एकदा हेच म्हणाले, तू जेवलेली असलीस की रात्री कमी खेकसतेस. तेव्हा ती बाजू मिटली.

आषाढात बेबीनंदानं माझ्या ब्लाऊजचा दंड आवळायला आतून टीप मारली. श्रावण लागताना दुसरी मारली. मी बेबीनंदाबरोबर भाभींच्या अंगणात फुगडीसुद्धा धरून बघितली. ती माझ्याच अंगाची, आम्ही चांगल्या घुमलो. भाभी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी डोळे मिटले होते, पण समोर अक्का नव्हती, हे हाताला कळत होतं.

निघताना बेबीनंदानं हिरवा नवा ब्लाऊज हातात ठेवला. "जा," म्हणाली, "आणि ह्या वर्षी हात सुटला तर माझ्या शिलाईला नाव ठेव."

माहेरी पोचले तर आईनं दारातच गळ्यात पडून सूर काढला. "वाळली गं माझी पोर. सासरी खायला घालत न्हाईत का तुला?" मी हसत होते, सांगत होते की ठरवून उतरलेय, डॉक्टरनंच सांगितलं होतं. तिला ते कळेना. तिच्या जगात ठरवून कुणी वाळत नाही. तेवढ्यात मागून अक्का आली, डोक्यावर एक घागर आणि काखेत एक. आई तिला म्हणाली, "ती घागर आत ठेव, आन धाकटीला आधी च्या दे."

अक्का पहिल्यापासून काटक, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी वारुळाला दूध-लाह्या वाहून बायका माळावर आल्या. ऊन-पाऊस चाललेला, गवत ओलं. फेर सुरू झाला, गाणी झाली, मग कुणीतरी मला आत ढकललं. समोरून अक्का आली. तिनं पदर खोचला, हात पुढं केले. तीन वर्षं मी ह्या दोन हातांसाठी झुरत होते. नाक्यापर्यंतची प्रत्येक सकाळ, म्हशीच्या डब्यात घातलेला प्रत्येक घास ह्याच्यासाठी होता. मी हात धरले, पायाला पाय लावला, डोळे मिटले आणि अंग मागं टाकलं.

अक्का माझ्याकडं ओढली आली.

मी डोळे उघडले. मला वाटलं, तिचा पाय घसरला. परत धरलं, परत मागं रेलले, या वेळी बेतानं. तरीही ती पुढं आली, धुण्याच्या दोरीवरचं लुगडं वाऱ्यानं यावं तशी. पलीकडच्या बाजूला वजनच नव्हतं. फुगडीत आपण जेवढं मागं झुकतो तेवढंच समोरच्या बाईनं झुकायचं असतं, तेव्हा ती फिरते. अक्का झुकत होती, पण झुकायला तिच्याकडं काही शिल्लक नव्हतं. माझ्या बोटांत तिच्या मनगटाचं नुसतं हाड होतं.

मी थांबले. बायका टाळ्या वाजवत होत्या, त्यांना वाटलं आम्ही दम घेतोय.

"फिरीव की, शालू," अक्का म्हणाली. "का थांबलीस?"

मी विचारलं, "अक्का, तू जेवतीस का?"

"जेवते की. सगळ्यांचं झालं की जेवते."

"आणि तवर काय उरतं?"

ती हसली. "उरलं तर उरतं."

पाच महिने मी ताटांकडं बघायला शिकले होते. अक्काचं घर मला माहीत होतं. नवरा, दीर, पुतणे, दोन गडी, सगळी बापयमाणसं आधी, मग पोरं, मग सासू, मग ती. माझ्या घरात उरलेलं खाऊन मी सुटले होते. तिच्या घरात काही उरतच नव्हतं. आणि आम्ही सगळे मिळून तिला काटक म्हणत होतो.

मी तिचा हात सोडला नाही. तिला फेराबाहेर झोक्याच्या लिंबाखाली आणलं. ती खाली बघत गवत खुडत बसली, आणि मी काही विचारायच्या आत बोलली.

"त्या वर्षी तू जड झालीस म्हणून हात सुटला न्हवता, शालू. माझ्याच हातात जोर न्हवता. डोळ्यांफुडं काळं आलं हुतं. बायका तुला हसल्या आन मी गप बसले. बोलले असते तर आईला कळलं असतं, मग घरात इचारणं झालं असतं, माझ्या सासरची अब्रू गेली असती." मग खुडलेलं गवत टाकून ती म्हणाली, "तू दोन वरीस आली न्हाईस. मला वाटलं, तुला समजलं, म्हणून रागावलीस."

चिखलात पडले त्या दिवसापासून मी स्वतःच्या अंगाला शिव्या घालत होते आणि तिकडं ही स्वतःच्या हातांना. मला तिच्या सासरचा राग आला, आईचा आला, माझा आला. पण सगळ्यात जास्त मला तिची भूक लागली, म्हणजे तिला मांडीवर घेऊन भरवावं असं वाटलं, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या बाईला.

घरी आलो. पंचमीला तवा चढत नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडलेली. मी पहिलं ताट वाढलं, त्यात दिंडं ठेवली, वर तूप ओतलं आणि अक्काला पाटावर बसवलं. आई म्हणाली, "अगं, बापय जेवायचेत अजून."

"जेवतील," मी म्हणाले. "आधी ही."

अक्का ताटाकडं बघत राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. मग तिनं पहिला घास घेतला, आणि नंतर थांबलीच नाही. आई चुलीशी तोंड फिरवून बसली होती. जरा वेळानं तीच उठली आणि अक्काच्या ताटात आणखी एक दिंड वाढून गेली.

भाऊबीज झाल्यावर मी अक्काला हट्टानं विट्याला आणलं. आम्ही तिघी सकाळी नाक्यापर्यंत जायचो, तीही यायची, आणि नाक्यावरच्या दगडावर बसून भाभींनी बांधून दिलेला शेंगदाण्याचा लाडू खायची. आम्ही एकही खायचा नाही, तिनं रोज एक खायचाच, असा नियम. संध्याकाळी पडवीत चौथं ताट. पहिल्या दिवशी ती पदर सारखा करत म्हणाली, "नवऱ्याच्या आधी?" भाभी म्हणाल्या, "भूक नवऱ्याला इचारून लागती का?" अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला.

जायच्या आदल्या दिवशी बेबीनंदानं तिच्या दंडाला टेप लावली. आकडा काही सांगितला नाही. ब्लाऊज शिवून दिला तेव्हा मी शिवण उलटी करून बघितली. आत बोटभर रुंद माया ठेवलेली.

"एवढी कशाला?" अक्कानं विचारलं.

"सोडायला लागंल," बेबीनंदा म्हणाली. "पंचमीच्या आत लागंल."

पुढच्या पंचमीला अक्का तोच ब्लाऊज घालून आली. शिवण एकदा सोडलेली दिसत होती, जुन्या टाक्यांची रेघ कापडावर राहिली होती. तिनं घरी काय केलं ते मला वाटेतच सांगितलं. भांडली नाही. सांजेला सासूचं ताट वाढलं आणि शेजारी आपलंही वाढून बसली. सासूबाई आधी दचकल्या, मग जेवल्या. त्यांनाही आयुष्यभर शेवटचंच ताट मिळालं होतं. मग बापयांना कळायच्या आत तीच रीत पडून गेली.

माळावर आम्ही हात धरले. मी डोळे मिटले आणि अंग मागं टाकलं, आणि पलीकडून तिनंही टाकलं. तिचं वजन माझ्या हातांना लागलं. ओझं असावं तर असं. आम्ही घुमायला लागलो, बायका बाजूला झाल्या, लिंब, वारूळ, माणसं सगळी एक झाली, आणि अक्का वरच्या आवाजात मला थांबू नकोस म्हणत राहिली. किती वेळ घुमलो मला ठाऊक नाही. हात आम्ही आपणहून सोडले.

तशा आणखी दोन पंचम्या मिळाल्या. मग पावसाळ्याच्या तोंडाला काविळीनं अक्का गेली, आठ दिवसांत.

ह्या सगळ्याला आता तीस वर्षं होत आली. बेबीनंदा लेकाकडं पुण्याला असते, भाभींना नीट दिसत नाही, तरी काठीच्या आधारानं त्या फाटकापर्यंत येतात. मी दिवेलागणीच्या आत जेवते. सुनेला आधी वाढते. साखर गोळीशिवाय ताब्यात आहे, डॉक्टरांना त्याचं नवल वाटतं.

पंचमीला माहेरी जाते अजून. भाचेसुना, नाती फेर धरतात, आणि त्यांतली एखादी धावत येऊन हात पुढं करते. चांगले भरलेले हात असतात. मी तिला सांगते, नको गं, गुडघे दुखतात. तिला ते लगेच पटतं, माझं वय झालंय. गुडघे माझे ठणठणीत आहेत, रोज सकाळी नाक्यापर्यंत जाऊन येते.